कुंपणाकडे तोंड करून

माझे सासरे उल्हासराव २०२० च्या फेब्रुवारीत आमच्याकडे नेदरलँड्समध्ये हूफडॉर्पला आले आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकले.

दुपारी टीव्हीवर जुने काउबॉय सिनेमे लागायचे. बाबांना इंग्रजी येत नव्हतं, खालची डच अक्षरं तर नाहीच. पण दोन घोडेस्वार तारेच्या कुंपणावरून एकमेकांवर बंदुका रोखून उभे राहिले, तसे ते सरसावून बसले. "बांधाचं भांडण आहे," म्हणाले. गावाकडे त्यांचे थोरले भाऊ दरवर्षी नांगरताना मधला बांध थोडा कोरायचे आणि बाबा फावड्याने तो पुन्हा भरायचे. चाळीस वर्षं दोघांत तेवढंच नातं उरलं होतं.

मे महिन्यात ते भाऊ कोरोनाने गेले. बाबा रडले नाहीत. त्यांनी टीव्ही बंद केला आणि मागच्या अंगणात शेजारणीच्या कुंपणाकडे तोंड करून बसू लागले. पावसातही, छत्री घेऊन. आपलं काही चुकलं का, असं ती म्हातारी मला विचारू लागली. शेवटी माझं डोकं फिरलं.

"बाबा, कोणाची राखण करताय? इथे कोण येणार? विमानं बंद आहेत."

"त्याला आता विमान कशाला लागतं?"

"मग आले का ते?"

बाबांनी वाकून कुंपणालगतच्या मातीवरून हात फिरवला.

"मूठभरसुद्धा कोरली नाही त्याने," ते म्हणाले, आणि तेव्हा कुठे रडले.