निवडून ठेवलेलं रिव्हॉल्व्हर

विलायतेतल्या स्टॅनमोर स्टेशनच्या बाकावर सकाळी एक वयस्कर मराठी गृहस्थ भेटायचे. मांडीवर अमेरिकन बंदुकांचं मासिक. बोट ओलं करून पान उलटायचे आणि विचारायचे, "अहो, आखूड नळीचं घ्यावं का? पण हलक्या रिव्हॉल्व्हरचा हाताला झटका फार बसतो म्हणतात."

एकदा न राहवून मी म्हटलं, "काका, या देशात ते घरी ठेवायला परवानगीच नाही."

"माहीत आहे हो." त्यांनी मासिक मिटलं. "घरात चोर शिरले, तेव्हा आमची ही खालून मला हाका मारत होती. माझ्या हातात मुलाची क्रिकेटची बॅट होती. मी जिना उतरलो नाही."

ट्रेन आली. आम्ही वेगवेगळ्या डब्यांत चढलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोळ्यांचं पान उघडलं, तेव्हा मी जवळ सरकून बसलो आणि त्यांच्याबरोबर निवडू लागलो.