आमचा डिफॉल्ट रूट धुळ्याला जातो

परीक्षेत जे विचारलं ते मी पेपर संपताच विसरले. जे कधीच विचारलं जाणार नव्हतं ते मात्र अजून पाठ आहे. नेटवर्किंगचं सर्टिफिकेट मिळवायला क्लास लावा, त्यात एक इरफान आणि एक हर्षा भेटू द्या, घरी जुन्या वळणाचे वडीलधारे असू द्या, की बास! नोट्स भरायच्या आधी किस्से भरतात.

आधी माझी भानगड सांगते. मी जळगावची, कॉम्प्युटर घेऊन बी.एस्सी. झालेली. पुण्यातल्या एका कंपनीने मला सांगितलं, 'नेटवर्किंगची पहिली परीक्षा पास हो आणि ये, नोकरी पक्की.' आणि धुळ्यातल्या आमच्या आबांनी, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाने, सांगितलं, 'बी.एड. कर.' त्यांच्या ओळखीचं कॉलेज होतं. मुलगी शिक्षिका झाली की घराला शोभते म्हणे! मी काय शोकेसमधला घोडा आहे?

तर, क्लास लावला.

*

क्लास बियाण्यांच्या दुकानाच्या वर. पाटील सर पहिल्याच आठवड्यात फळ्यावर राऊटरचं चित्र काढून म्हणाले, "राऊटरला सगळे पत्ते माहीत नसतात. मग ज्याचा पत्ता माहीत नाही ते माहितीचं पॅकेट कुठे पाठवायचं? एक जागा ठरवून ठेवायची. काही कळत नसलं की तिकडे ढकलायचं. याला म्हणतात डिफॉल्ट रूट."

शेजारची हर्षा वाकून म्हणाली, "म्हणजे तुझे आबा!"

खोटं कशाला बोलू? आमच्या घरी फ्रिज घ्यायचा, धुळ्याला फोन. भावाला सायन्सला घालायचं, धुळ्याला फोन. गॅलरीला कोणता रंग द्यायचा? बाबांनी रंगाचं कार्ड फोटो काढून धुळ्याला पाठवलं! आबांना रंगांतलं काय कळतं? काहीच नाही. पण डिफॉल्ट रूटला कळावं लागतच नाही. तो फक्त असावा लागतो.

पहिल्या चाचणीत प्रश्न आला, 'डिफॉल्ट रूटचं एक उदाहरण द्या.' मी चिडून लिहिलं, 'धुळे.'

सरांनी अर्धा मार्क दिला आणि खाली लिहिलं, 'संकल्पना कळली आहे. परीक्षेत आयपी पत्ता लिहावा.'

*

आबांचा एक दिवस फोन. "नेट चालत नही. तू ते शिकी राह्यनी ना? ये."

फोनवर कळेल असं मी दहा वेळा म्हटलं. नाही! मुलीने घरी आलं पाहिजे. भर उन्हात एसटीने धुळ्याला गेले. घरात शिरले तर राऊटर कुठेच दिसेना.

"आबा, ते मशीन कुठंय?"

आबांनी कमरेची किल्ली काढली आणि लोखंडी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात शालू, खालच्या कप्प्यात राऊटर! नातवंडं फार मोबाईल बघतात म्हणून आबा दुपारी ते कुलूपबंद करत. वायर जायला कपाटाला मागून भोकसुद्धा पाडून घेतलं होतं.

मी कपाटाचं दार उघडं ठेवलं. आतल्या खोलीतून नातवंडांचा जयघोष ऐकू आला.

"झालं, आबा. लोखंडाच्या आत सिग्नल अडकतो. दार उघडं ठेवा."

आबांनी दार एकदा लावून, एकदा उघडून पाहिलं. मग म्हणाले, "दार ते मी बी उघाडस! तू इतला दिन काय शिकनी?"

*

इरफान आमच्यातला सगळ्यात हुशार. त्याच्या वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. त्याचं म्हणणं, राऊटिंग शिकायला क्लास लागतच नाही, मुक्ताईनगरकडच्या एखाद्या गावाला रस्ता विचारत जावं.

आणि आम्ही गेलोच. हर्षाच्या मावसबहिणीचा साखरपुडा होता. दोन स्कूटी, आम्ही तिघं. तिथे मोबाईलला रेंज नाही, म्हणून फाट्यावर पारावरच्या एका नानांना विचारलं. नाना म्हणाले, "सरळ जा. पुढं शाळा लागेल, तिथं कोणालाही विचारा."

शाळेपाशी एक आजोबा. ते म्हणाले, "डाव्या हाताला जा. केळीच्या बागेपाशी कोणालाही विचारा."

बागेपाशी एक अक्का. "मंदिराकडून जा. तिथं विचारा."

मंदिराकडून गेलो आणि समोर पार! पारावर तेच नाना! त्यांनी आम्हाला ओळखलंही.

"काय रे, परत आले?"

"नाना, तुम्ही सांगितलं तसंच गेलो!"

"मंग बरोबर आहे," नाना म्हणाले. "सरळ जा. पुढं शाळा लागेल."

दुसऱ्या दिवशी सरांनी शिकवलं, की प्रत्येक राऊटर फक्त पुढचा टप्पा सांगतो, अख्खा रस्ता त्यालाही माहीत नसतो. आणि टप्पे चुकीचे जुळले तर पॅकेट गोल फिरत बसतं. त्याला लूप म्हणतात. म्हणून प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो. दर टप्प्याला तो एकाने कमी होतो, आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतात.

"नाहीतर काय होईल?" सरांनी विचारलं.

इरफान उठून म्हणाला, "साखरपुडा चुकतो, सर."

*

दसऱ्याला क्लासमध्ये यंत्रांची पूजा झाली. तीन जुने राऊटर, एकाच घरातली यंत्रं आपसांत जोडणारा एक स्विच, सगळ्यांना हळद-कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं. सर मनापासून पूजा करणारे.

दुसऱ्या दिवशी मधला राऊटर शेजाऱ्याशी बोलेना. सर म्हणाले, "उत्तम! आता तुम्हीच शोधा. खराखुरा बिघाड रोज मिळत नाही."

आम्ही कामाला लागलो. पत्ते तपासले. पत्त्यासोबतचा मास्कचा आकडा तपासला. मी माझा सगळा कॉन्फिग, म्हणजे राऊटरला दिलेल्या सूचना, पुसून पुन्हा लिहिला. हर्षाने सरांचा पुसला! चहा आला, चहा गेला. सरांनीही बाह्या सारून फळाभर शक्यता लिहिल्या. एकीपेक्षा एक विद्वान!

शेवटी इरफानने वैतागून केबल उपटली आणि मोबाईलचा टॉर्च पोर्टमध्ये मारला. मग खिशातला चिमटा काढला आणि आतून अलगद एक तांदळाचा दाणा बाहेर ओढला. कुंकवात माखलेला. मागोमाग दुसरा.

केबल लावली. हिरवा दिवा!

बिघाड पहिल्या थरापासून, म्हणजे तारा-पोर्टपासून शोधायचा, हे सरांनीच शिकवलं होतं. सरांनी दाणे कागदाच्या पुडीत बांधले. मग फळ्यावरच्या सगळ्या शक्यता पुसल्या आणि लिहिलं, 'पहिला थर: अक्षता.'

आता त्या राऊटरवर चिठ्ठी चिकटवलेली आहे: 'फुले-अक्षता वर वाहाव्यात. समोर वाहू नयेत.'

*

राऊटरला एकाच ठिकाणाचे दोन-तीन रस्ते कळले तर तो कुणावर विश्वास ठेवतो, हा धडा माझा आवडता. जो थेट जोडलेला आहे त्याच्यावर सगळ्यात जास्त. मग तुम्ही स्वतः हाताने लिहिलेल्या रस्त्यावर. इकडून तिकडून ऐकलेल्यावर सगळ्यात शेवटी. आमच्या नातेवाइकांत नेमकं उलटं चालतं.

सर म्हणाले, "थेट जोडलेला असेल तर बोलणंच खुंटलं. शेजारच्या खोलीत निरोप द्यायचा तर कुणी धुळ्याला फिरवून पाठवेल का?"

"हिच्या घरी पाठवतात, सर!" हर्षा ओरडली.

तिने पाहिलं होतं ना! आबा आमच्याकडे आले होते तेव्हा हर्षा घरीच होती. आबा सोफ्यावर, आई दोन हातांच्या अंतरावर, स्वयंपाकघराच्या दारात. आबा माझ्या आईचे मोठे दीर, म्हणून आई त्यांच्याशी थेट बोलत नाही. लग्न झाल्यापासून नाही! डोक्यावर पदर घेऊन ती मला म्हणते, "आबांना विचार, चहा घेणार का?" मी वळून आबांना म्हणते, "आबा, चहा घेणार का?" आबांना आईचं पहिल्याच वेळी ऐकू आलेलं असतं. पण ते माझं होईपर्यंत थांबतात आणि मग मला सांगतात, "साखर कमी टाक म्हणावं."

हर्षा मान इकडून तिकडे फिरवत बसली होती. मला म्हणाली, "तू स्विच आहेस की राऊटर?"

*

परीक्षेचं सेंटर नाशिकला. म्हणजे आदल्या दिवशी धुळ्याला मुक्काम आणि सोबतीला आबा! एकटी मुलगी नाशिकला कशी जाणार? (ती पुण्याला कशी राहणार हा प्रश्न अजून कुणी विचारलाच नव्हता. सगळे धरून चालले होते की मी नापास होईन.)

आबा टोपी घालून सेंटरवर आले. दारातल्या मॅडमने माझं ओळखपत्र तपासलं, घड्याळ काढून ठेवायला लावलं, केसांतला चिमटासुद्धा बघितला. आबा हात जोडून पुढे झाले.

"मॅडम, आमची पोरगी आहे. जरा सांभाळून घ्या."

"आजोबा, पेपर मी तपासत नाही. कॉम्प्युटर तपासतो."

आबा आणखी एक पाऊल पुढे झाले. "मग कॉम्प्युटरला सांगून ठेवा."

मी दारावर डोकं आपटायचं बाकी ठेवलं.

पास झाले! निकाल तिथल्या तिथेच. आबांचा आनंद खरा होता, हे मान्य करते. त्यांनी खाली जाऊन पेढे आणले. मॅडमला दिला, वॉचमनला दिला, पार्किंगमधल्या अनोळखी माणसाला दिला. आणि प्रत्येकाला सांगितलं, "पहिल्या झटक्यात पास! आता बी.एड.ला काही अवघड नाही."

*

आणि हा शेवटचा.

कंपनीचं पत्र आलं. रुजू व्हायची तारीख ठरली. हो की नाही ते आठवडाभरात कळवा, असा मजकूर, आणि खाली अर्जातले दोन नंबर, माझा आणि आईचा. मी बाबांसमोर उभी राहिले.

"बाबा, मी पुण्याला जाते."

बाबांनी पेपर खाली केला. "आबांना विचार."

आबांना फोन केला. आबा म्हणाले, "तुना बापले ईचार. तो सांगी तसं."

"आबा, बाबा म्हणतात तुम्हाला विचार."

"मी कोण सांगनारा? पोर त्यानी शे. त्याले ईचार."

बाबांकडे गेले. "आबा म्हणतात, तुम्ही सांगाल तसं."

"ते मोठे आहेत. त्यांच्या पुढे मी कसं बोलू? त्यांना विचार."

तीन दिवस हेच! जळगाव-धुळे, धुळे-जळगाव. मी भांडायच्या तयारीने कंबर कसून बसले होते, पण भांडायला समोर कुणी येतच नव्हतं. 'नाही' म्हणा ना! 'नाही' म्हटलं असतं तर मी बॅग उचलून गेलेच असते. पण नाहीही नाही आणि होही नाही, नुसतं फिरतंय. आणि पॅकेटवरच्यासारखा दिवसांचा आकडा कमी होतोय.

इरफान म्हणाला, "दोन्ही राऊटर एका टेबलावर आण. समोरासमोर ठेव. लूप कुठंय ते दिसेल."

त्याच रविवारी असोद्याला हर्षाच्या शेतात भरीत पार्टी होती. हर्षाच्या वडिलांनी सगळ्यांना बोलावलं होतं, म्हणून आबा धुळ्याहून आले. पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, जाळ पेटला, त्यावर हिरवी वांगी भाजायला टाकली. एका बाजूला बाबा आणि आबा काठ्या घेऊन वांगी उलटवायला बसले. जरा लांब आई, मिरच्या निवडत, डोक्यावर पदर. उद्या पत्राला उत्तर द्यायचा शेवटचा दिवस.

मी दोघांच्या मध्ये जाऊन बसले. "आता दोघं इथंच आहात. सांगा. जाऊ का पुण्याला?"

बाबांनी आबांकडे पाहिलं. आबांनी बाबांकडे पाहिलं.

"दादा, तुम्ही सांगा," बाबा म्हणाले.

"पोर तुनी शे," आबा म्हणाले.

"पण तुम्ही मोठे."

"पण बाप तू."

हर्षा भाकरी थापायची थांबली. इरफान माझ्याकडे बघून बोटाने हवेत गोल काढायला लागला. मला रडू फुटेल की शिव्या, मलाच कळेना. मी दात-ओठ खाऊन म्हटलं, "उद्या कळवायचंय! उद्या! नाहीतर ते दुसरीला घेतील!"

"कळवायचंय म्हणजे काय?" आबा मला म्हणाले. "कुणाला कळवायचंय?"

"कंपनीनी बाईले ना?" मागून आवाज आला. आईचा. आई रागावली की माहेरच्या बोलीत जाते. "तिना फोन येल व्हता मना मोबाईलवर. गुरुवारना. मी हां सांगी दिधं."

जाळात एक वांगं फुटलं. बाबांच्या हातातली काठी तशीच राहिली.

आबांनी नेहमीसारखं माझ्याकडे तोंड केलं. "तिला विचार, आम्हाला का नाही विचारलं?"

मी वळून तोंड उघडलं. पण आई उठून जाळापाशी आली होती. आबांच्या अगदी समोर.

"तुमनं दोन्ही भाऊसनं ईचारनं चालूच व्हतं ना, आबा," ती म्हणाली. "ते वांगं पलटाडा. जळी राह्यनं."

आबांनी वांगं पलटलं.