देवपुरातल्या बंगल्यावरची शिकवणी

साहेब आणि मडम धुळ्याला आले तेव्हा साहेबांनी साठी ओलांडली होती आणि मडमही फार मागे नव्हत्या. ज्या वयात आमच्याकडे माणसं नातवंडं खेळवतात, त्या वयात या दोघांनी आपला देश सोडून पांझरेच्या काठी येऊन लोकांना सुधारायचं मनावर घेतलं. साहेब तिकडे एका शाळेचे हेडमास्तर होते. पेन्शन झाल्यावर घरात हुकूम सोडायला कुणी उरलं नसावं. मिशनला वयस्क जोडपी हवीच होती. तरुणांपेक्षा ती कमी तक्रार करतात, असं म्हणे. या दोघांकडे पाहून ते कुणालाही खरं वाटलं नसतं.

मी पुण्याकडून बदलून आलेला शाळामास्तर. दोघांना मराठी शिकवायला मला नेमलं. मिशनमधले सगळे मला 'पंडितजी' म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडे.

देवपुरातल्या त्यांच्या बंगल्यावर मी रोज सकाळी जाई. पहिल्या महिन्यात त्यांची घडी बसवण्याची धडपड पाहून मला हसू आवरत नसे. केळी सालासकट लाल औषधाच्या पाण्यात धुवायची, मग साल काढून फेकायची! पाणी तीनदा उकळायचं. भाजी इतकी शिजवायची की वांगं कुठलं नि दुधी कुठला ते कळू नये. व्हरांड्यात उष्णतामापक टांगलेलं होतं. साहेब तासातासाला ते पाहत आणि पारा चढला की वर्गात दंगा करणाऱ्या मुलाकडे पाहावं तसे त्याच्याकडे पाहत. जाडा काळा कोट मात्र एप्रिलातही अंगावरून उतरला नाही.

शिकण्यात साहेब चिवट होते. विभक्तिप्रत्यय त्यांनी महिन्याभरात घोकून टाकले. मडमना ते जमेना. 'घराला' आणि 'घराने' यांत त्यांची रोज गल्लत व्हायची. साहेब बायकोदेखत मला म्हणत, "पंडितजी, माझी बायको मंद आहे. तुम्ही माझ्याकडे लक्ष द्या." मीही दिलं. मडमना अक्षरं तेवढी शिकवली आणि सोडून दिलं. त्या वही मिटून स्वयंपाकघराकडे निघून जात.

स्वयंपाकघरात भांडी घासायला शेजारच्या खेड्यातली एक विधवा कुणबीण येई. सगळे तिला अक्का म्हणत. तिची बोली ठेठ खानदेशी. ती ऐकली की माझ्या कपाळाला आठी पडे. या मुलखात नोकरी करायची वेळ आली, पण त्याची बोली तोंडाला लावून घ्यायची नाही, असा माझा पण होता.

थंडीत शेजारच्या मळ्यात भरताची पार्टी झाली. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवून त्यावर वांगी भाजत होते. धूर बंगल्यावर आला तसे साहेब आग लागली म्हणून ओरडत बाहेर धावले, आणि आग नाही हे कळल्यावर अधिकच भडकले. मला म्हणाले, "त्यांना सांगा, धूर बंद करा." मी काही गेलो नाही. मडम गेल्या. तासाभराने परत आल्या तेव्हा हाताला तेल, डोळ्यांत तिखटाचं पाणी, आणि अक्काला काहीतरी सांगून हसत होत्या. साहेब दोन दिवस बायकोशी बोलले नाहीत. मलाही ते ओंगळच वाटलं होतं, म्हातारी बाई मळ्यात बसून हातानं भरीत खाते म्हणजे काय!

वर्ष उलटल्यावर साहेबांनी पहिलं मराठी भाषण करायचं ठरवलं. ते आम्ही पंधरा दिवस बसून लिहिलं. बैलगाडीनं आम्ही तिघं अक्काच्या खेड्यावर गेलो. निंबाच्या पारावर पन्नासएक माणसं जमली. साहेबांनी सुरुवात केली, "हे ग्रामस्थ बंधुजनहो!" अर्धा तास एक प्रत्यय चुकला नाही. माझी छाती फुगली.

भाषण संपल्यावर पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या आबांनी साहेबांकडे बोट करून मला विचारलं, "हाऊ काय म्हनस, मास्तर?"

मी भाषणाचं सार सांगितलं, शुद्ध, नीटनेटकं.

आबांनी मान हलवली. "तुनं बी काय समजनं नही."

सगळा पार हसला. साहेबांना वाटलं, भाषण आवडलं. तेही हसले.

मडम कुठे दिसेनात म्हणून मी विहिरीकडे गेलो. त्या बायकांच्या घोळक्यात जमिनीवर बसल्या होत्या आणि बोलत होत्या. अडखळत, पण न थांबता. "मना पोऱ्या लढाईमा मरी गया," असं त्यांच्या तोंडून मी ऐकलं. एका बाईनं त्यांचा हात धरला होता. वर्षभर मी या बाईसमोर रोज बसलो, आणि तिचा मुलगा गेलाय हे मला ठाऊक नव्हतं. आमची गाडी 'घराला'च्या पुढे गेलीच नव्हती.

परतताना साहेबांनी मला विचारलं, "ती बोलत होती ते मराठी होतं का?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "ती गावंढळ बोली आहे. सभ्य माणसं बोलत नाहीत."

साहेबांनी बायकोला ती बोली बंद करायला सांगितलं. मडम माझ्याकडे पाहत सावकाश म्हणाल्या, "माले हाईच बोली येस." गाडीवान खो खो हसला. मी नदीकडे तोंड फिरवलं.

आणखी दोन उन्हाळे साहेबांनी काढले. हिवतापानं पोखरले, तरी भाषणं लिहीत राहिले आणि माझ्या मराठीतल्या चुका मलाच दाखवू लागले. शेवटी डॉक्टरांनी दोघांना मायदेशी परत पाठवलं. मला सुटल्यासारखं झालं.

सहा महिन्यांनी माझ्या पत्त्यावर एक पत्र आलं. आत मडमनी अक्काला लिहिलेला कागद, मोठ्या वाकड्या बाळबोध अक्षरांत. अक्काला वाचता येत नव्हतं. तेव्हा तिच्या ओसरीवर बसून मला मोठ्यानं वाचावं लागलं: "अक्का, कशी शे? आठे भलती थंडी शे. माले तुनी याद येस." माझ्या तोंडी ते शब्द इतके आडवे आले की अक्का पदर तोंडाला लावून हसली, आणि एकेक शब्द माझ्याकडून नीट म्हणवून घेतला. अशी तीन पत्रं मी वाचली. कुरकुरतच वाचली.

चौथं पत्र साहेबांच्या हस्ताक्षरात होतं, मला लिहिलेलं, विभक्तीची एकही चूक नसलेलं. पत्नीचे निधन झाले, एवढंच त्यात होतं. मी अक्काला सांगायला गेलो. ती चुलीपाशी होती. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "म्हताराले आते कोन देखस?"

त्या माणसाची काळजी करावी असं माझ्या मनातही आलं नव्हतं. "मला काय ठाऊक," मी म्हणालो. तिनं बसायला पाट सरकवला. मी बसलो नाही.