शिंपीचाचांची मशीन

पनवेलच्या टांगा अड्ड्याजवळ आमच्या शिंपीचाचांचं दुकान होतं. माणूस भारी फटकळ. गिऱ्हाईक टेबलाला नुसतं टेकलं तरी ओरडायचे. एकदा माझ्या बायकोने गंमत म्हणून त्यांच्या मशीनचं पायडल हलवलं, तर गरजले, "खाली कापड नसताना मशीन चालवायची नाय, भाभी! दात झिजतात तिचे."

मांजरांवर त्यांचा जीव असल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. पण मासळीबाजारात पडलेली एक आजारी मांजर त्यांनी उचलून दुकानात आणली. डोळे चिकटलेले, हाडं वर आलेली. मशीन खडखडली की ती कपाटामागे दडायची आणि बशीतलं दूध तसंच राहायचं. मग चाचा पायडल सोडून हातानेच चाक फिरवत शिवू लागले. ईद तोंडावर आलेली, गिऱ्हाइकं कुरकुरायची. चाचा मान वर न करता म्हणायचे, "सबर करा. तिला अजून घराची सवय नाय."

पुढे त्यांनी हळूहळू पायडलवर पाय टेकला. आधी चार टाके, मग एखादी बाही. मांजरही कपाटामागून टेबलाखाली आली.

ईद झाल्यावर एका दुपारी मी सदरा न्यायला गेलो. मशीनचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. आत चाचांच्या पायाशी, चिंध्यांवर, मांजर गाढ झोपली होती. चाचा एका लयीत पायडल मारत होते. सुईखाली कापडच नव्हतं.

मी तोंड उघडणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"थांबलो की दचकून उठते, गुरुजी," ते पुटपुटले. "सदरा खुंटीला हाय. तुमीच काढून घ्या."