टेबलावरची सुपारी

चाळिशीला टेकलेला माणूस राक्षस आणि शिपाई छापलेल्या पत्त्यांचा खेळ खेळतो, हे ऑफिसात सांगण्यासारखं नाही. सांगितलं तर महिनाभर टर उडेल. पण मी खेळतो. पत्ते विकत घ्यायचे, जमवायचे, त्यातून आपला गठ्ठा बांधायचा आणि समोरच्याशी लढायचं. महाल भागातल्या एका दुकानाच्या माडीवर दर रविवारी आम्ही आठ-दहा जण जमतो.

माझ्या गठ्ठ्याची सगळी मदार एका पत्त्यावर. तो टेबलावर आला की माझ्या प्रत्येक पाळीला दोन पहारेकरी जन्माला घालतो. या पहारेकऱ्यांचे पत्ते गठ्ठ्यात नसतातच. त्यांच्या जागी टोकन ठेवायचं, मग ते बटण असो, नाणं असो की चिंचोका. टेबलावर आहे तोवर तो पहारेकरी लढतो, मारतो, मरतो. टेबलावरून उचलला की संपला, हातात परत येत नाही. पुढचा जन्मला की तेच बटण पुन्हा ठेवा, कोणाची काही हरकत नसते. मला हा नियम फार सोयीचा वाटायचा.

बेसाच्या फ्लॅटमध्ये आई आणि मी दोघंच राहतो. त्या आठवड्यात ती भंडाऱ्याला माझ्या बहिणीकडे गेली होती. निघताना दारात चप्पल घालता घालता म्हणाली, "देव रोज धूत जाजो. अन् पुसून जागेवर ठेवजो."

आमच्या देवघरात कुलदैवत म्हणजे तांदळावर बसवलेली एक सुपारी. खरा टाक, म्हणजे देवाची आकृती ठोकलेला चांदीचा पत्रा, उमरेडला थोरल्या काकांकडे असतो. बाबा आणि काका एकाच घरात माग चालवायचे. वाटणी झाली तेव्हा माग वाटले, भांडी वाटली, विहिरीचं पाणीही वाटलं. देव मात्र वाटत नाहीत. टाक थोरल्याकडे राहतो, धाकट्यानं त्याला सुपारी टेकवायची आणि ती देव म्हणून आपल्या घरी न्यायची, अशी आमच्यात रीत. बाबांनी ती सदऱ्याच्या खिशात घालून आणली, एसटीत पूर्ण वेळ खिशावर हात ठेवून. घरी आल्यावर म्हणाले, "आता त्या दारात काही मागाले जाणार नाही." मरेपर्यंत गेले नाहीत. काका मात्र बाबांना पोचवायला घाटावर आले होते. तिथूनच परत गेले.

त्या शनिवारी सकाळी मी देव धुतले. सुपारी सुकायला म्हणून पितळी वाटीत ठेवली. त्या वाटीत आई पूजेच्या सुट्या सुपाऱ्या ठेवते. तेवढ्यात ऑफिसातून फोन आला, आणि देव वाटीतच राहिला. मी विसरलो. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

दुपारी शाळेपासूनचा मित्र सरावाला आला. डाव मांडला तर माझी बटणांची डबी महालातच राहिलेली. मी उठलो आणि वाटीतल्या मूठभर सुपाऱ्या आणल्या. सुपारीला बूड असतं, त्यामुळे पहारेकरी उभा राहतो, लढून दमला की आडवा करता येतो. मित्र म्हणाला, "वा गा, हे तं भारी आहे." मी रंगात आलो होतो. माझे आठ पहारेकरी उभे, त्याची फजिती चाललेली. मग त्यानं एक पत्ता टाकून माझे चार एकदम मारले आणि चार सुपाऱ्या हातानं बाजूला सारल्या.

डॉक्टरांनी दम भरल्यापासून त्यानं तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडलाय. तोंडाला चाळा म्हणून कोरी सुपारी चघळतो, खिशात छोटा अडकित्ता असतो. पुढच्या चालीचा विचार करता करता त्यानं मेलेल्यांतली एक उचलली, कातरली आणि तोंडात टाकली.

"लय जुनी आहे बे ही," तो तोंड वाकडं करून म्हणाला, "कुंकवाची चव लागून राहिली." आणि कचऱ्याच्या डब्यात थुंकला.

मी ताडकन उठलो. देवघरात जाऊन पाहिलं, तर तांदूळ रिकामे. डब्यात हात घालून तुकडे शोधले. भुगा हाती लागला, त्यात चहापत्ती. तो आमचा देव होता हे कळल्यावर मित्र बिचारा डाव तसाच टाकून निघून गेला. मी वाटीतली त्यातल्या त्यात काळपट सुपारी निवडली, तिला कुंकू फासलं आणि तांदळावर बसवली. हे करताना मला लाज वाटली नाही. उलट सुटल्यासारखं वाटलं, हे लिहायला हवं.

आई सोमवारी आली. आंघोळ करून देवघरात बसली आणि लगेच म्हणाली, "हा आपला नाही."

मी सगळं सांगून टाकलं. ती रागावेल म्हणून वाट पाहत होतो. तिनं फक्त विचारलं, "अख्खा खाल्ला?"

"थुंकला. पण आई, सुपारीच होती ना? ही दुसरी बसवली की झालं."

"खेळात कोणालेबी बसव," ती म्हणाली. "देव बसवाले देवच लागते. त्याले टाक टेकवा लागते."

तेव्हा मला कळलं की तिला उमरेडला जावं लागणार. जिथे मागायला बाबा कधी गेले नाहीत, तिथे. मी म्हणालो, मी एकटा जाऊन आणतो. तर म्हणाली, मागणं घरच्या मोठ्यानंच मागा लागते. रविवारी आम्ही बसनं निघालो. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. रस्ताभर मी मनात वाक्य जुळवत होतो: काका, चूक माझी आहे, आईची नाही.

काका दिवाणावर बसले होते. सुना, नातवंडं, शेजारचे दोघं, सगळे गोळा झाले. आई डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्याशीच उभी राहिली. मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, "देव माझ्या हातून हरवला, भाऊजी. चूक झाली."

काका दिवाणावरूनच म्हणाले, "माझ्या भावाले देल्ला होता मी. तो जपून गेला. तुमच्याच्यानं एक सुपारी सांभाळल्या नाही गेली?"

सुनांपैकी कोणीतरी हसली. काकांनी टाक बाहेर आणवला, नवी सुपारी त्याला टेकवली आणि म्हणाले, "घ्या." आईनं त्या सगळ्यांसमोर पदर पसरला.

मग काका माझ्याकडे वळले. "अन् तू काय करून राहिला होता गा तवा?"

वाक्य तयार होतं. मी म्हणालो, "मी ऑफिसात होतो, काका."

आईनं मान वर केली नाही. पदरातली सुपारी तिनं मुठीत घेतली आणि मला म्हणाली, "चाल, बस निघून जाईन."