शेवटचा मुक्काम माझ्या माहेरी

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला ठाऊक नाही, सख्ख्या बहिणीला ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. किंवा असंही असेल, की ती आठवताना मला अजून थोडं बरं वाटतं. तेही लपवत नाही.

जळगावात आमचा छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, लग्नं, बारशी. नवरा लग्नं करतो, मी स्टुडिओ बघते. शीतल तिथेच भेटली. मारवाडी घरातली सून, सासऱ्यांचं कापडाचं मोठं दुकान. महागडा कॅमेरा हौसेनं घेतलेला, पण तो चालवायचा कसा ते कळेना, म्हणून माझ्याकडे शिकायला येऊ लागली. मी शिकवलं. मनापासून शिकवलं — हे मला सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघी तिच्या गाडीतून भटकायचो. माझ्या आयुष्यात तोवर मैत्रीण अशी नव्हतीच.

एकदा चोपड्याकडे गेलो होतो, केळीच्या बागांत. माझा कॅमेरा दुरुस्तीला टाकलेला. घड वाहणाऱ्या बायका बांधावर बसल्या होत्या, लुगड्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग. त्यातली एक म्हातारी कशावर तरी इतकी हसली, की डोक्यावरची चुंबळ घरंगळून पडली. मी शीतलच्या हातातून कॅमेरा जवळजवळ हिसकावला आणि बटण दाबलं. एकदाच. मला तेव्हाच कळलं होतं — असा फोटो पुन्हा मिळत नाही.

तो फोटो एका मोठ्या प्रदर्शनात पहिला आला. शीतलच्या नावानं.

मी पेपरात वाचलं. तिच्या हातात ढाल, बाजूला तिचे सासरे हसताहेत. मी पेढे घेऊन तिच्या घरी गेले. हो, पेढे! वाटलं, ती स्वतःहून काहीतरी बोलेल. नाही बोलली. शेवटी मीच हसत हसत विषय काढला, तर म्हणाली, "अगं, कॅमेरा तर माझाच होता ना?"

आणि पुढे केला मलाच पेढा. मी आणलेला.

मी भांडले का? नाही. भांडले असते तर आज हे सांगायची वेळ आली नसती. मी तो पेढा खाल्ला, घरी आले, दुसऱ्या दिवशी स्टुडिओ उघडला. पण तुम्हाला सांगते, माणसाच्या पोटात एखादी गोष्ट किती दिवस न पचता राहू शकते, ते मला तेव्हा समजलं. ती आली की मी चहा टाकायची, तिचे फोटो बघायची, 'छान' म्हणायची. आणि वाट बघायची. कशाची, ते मलाही माहीत नव्हतं.

संधी तिनंच आणून दिली. खानदेशावर तिला स्वतःचं प्रदर्शन करायचं होतं. किल्ले, नदी, माणसं, सण, सगळं. "श्रावणात निघू, तूच ठरव ना सगळं," ती म्हणाली. "तुला इथलं बारीकसारीक ठाऊक."

मी ठरवलं. इतकं नीट मी स्वतःच्या लग्नाचंही ठरवलं नव्हतं. तिच्या दिवाणखान्यात नकाशा पसरून, खाकरा खात, चहावर चहा पीत. जळगावहून एरंडोल, पारोळ्याचा किल्ला, मग धुळे. धुळ्यात मुक्काम, संध्याकाळच्या उन्हात लळिंग. तिथून चाळीसगावला उतरून पाटणादेवीचं रान, आणि शेवटचा मुक्काम माझ्या माहेरी, भडगावजवळ, गिरणेच्या काठी. त्या दिवशी घरात कानबाई बसणार होती.

कानबाई आमच्या खानदेशची देवी. श्रावणातल्या एका रविवारी नारळाला नथ घालून, साज चढवून ती चौरंगावर बसते, सोमवारी सकाळी नाचत-गात तिला नदीवर नेतात. तिच्यासाठी सोवळ्यानं दळलेल्या पिठाचे रोट करतात. ते रोट भाऊकीबाहेर कुणाला देत नाहीत, आणि आमच्या घरात ते जिथे होतात त्या खोलीत भाऊकीबाहेरचं कुणी पाऊल टाकत नाही. मीसुद्धा नाही. लग्न झालेली लेक म्हणजे परक्या कुळाची. मी दरवर्षी उंबऱ्याशी बसते.

शीतलला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिनं विचारलं होतं मात्र. नकाशावर बोट ठेवून, अगदी सरळ: "तिथे काही शिवाशिव वगैरे? मला कुणाला दुखवायचं नाही."

इथे थांबते जरा.

कारण हाच तो क्षण. नंतर जे झालं ते आपोआप झालं. मी म्हणाले, "छे गं. चपला काढायच्या आणि सरळ आत जायचं. विचारत बसलीस तर उलट त्यांना परकेपणा वाटेल. आणि रोट करताना जवळून घे — खिडकीतून उजेड सुंदर येतो."

उजेडाचं खरं होतं.

मला काय हवं होतं? तिला चारचौघांत हाकलून दिलेलं मला बघायचं होतं. बस. जो कॅमेरा 'तर माझाच होता', तो गळ्यात असताना.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती, तीही आता सांगून टाकते. त्या वर्षीची कानबाई नानांसाठी होती. नाना म्हणजे माझे काका. वडील गेल्यावर मला सायकलवर पुढे बसवून भडगावच्या शाळेत सोडायचे ते. उन्हाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं, उजवा हात उचलत नव्हता. अक्कानं, माझ्या काकूनं, देवीला नवस केला होता. हे सगळं मला फोनवर कळलेलं. तरी मी आखलेली वाट बदलली नाही.

धुळ्यापर्यंत सहल मजेत झाली. लळिंगवर ढगांच्या आडून असं ऊन पडलं, की शीतलनं मला मिठी मारली. "तू नसतीस तर मी काय केलं असतं!" म्हणाली. मी डगमगले का तेव्हा? खोटं कशाला बोलू — नाही. मला तो पेढा आठवला.

रविवारी दुपारी आम्ही गावात पोचलो. ओसरीवर पाहुणे, अंगणात चुलत्यांची मुलं देवीचा चौरंग सजवत होती. नाना भिंतीला टेकून बसलेले. शीतल त्यांच्या पाया पडली. मग तिनं चपला काढल्या, माझ्याकडे बघून हसली आणि आत गेली. मी उंबऱ्याशी उभी राहिले.

अक्का चुलीपुढे होती. शीतल वाकली, अजून वाकली — मीच शिकवलं होतं तिला, खालून घ्यावं म्हणून — आणि तिच्या कॅमेऱ्याचा पट्टा परातीतल्या पिठावर लोळला.

"भाईर निंघ! आधी भाईर निंघ!"

अक्काचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बायका गोळा झाल्या, पुरुष अंगणातून धावत आले. थोरल्या काकांनी ओरडून विचारलं, "कोन शे ती? कोनी धाडं तिले मझार?"

कुणी पाठवलं तिला आत? शीतलनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

मी म्हणाले, "अगं, निदान विचारून तरी जायचंस!"

तिचं तोंड उघडंच राहिलं. गालाला पीठ लागलं होतं, खिडकीतला उजेड बरोबर अर्ध्या चेहऱ्यावर. मी गळ्यातला माझा कॅमेरा उचलला आणि फोटो काढला. बटणाचा तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला असणार. फोटो अजून माझ्याकडे आहे. चांगला आहे. चोपड्याच्या फोटोइतकाच चांगला, आणि हा कुणी माझ्याकडून घेणार नाही.

पीठ टाकून द्यावं लागलं. खोली सारवून पुन्हा दळण, पुन्हा सगळं. आम्ही थांबलो नाही. गाडी शीतल चालवत होती. एरंडोल मागे पडल्यावर म्हणाली, "तूच म्हणाली होतीस ना, सरळ आत जा म्हणून?"

"मी ओसरीबद्दल म्हणाले होते."

ती विचार करत राहिली. मग हळूच म्हणाली, "माझंच ऐकण्यात चुकलं असेल."

तिनं विश्वास ठेवला. माझ्यावर! मला वाटलं होतं ती भांडेल, मग मी चोपड्याचं काढेन, सगळं एकदाचं तोंडावर फेकेन. तिनं तेवढीही सोय ठेवली नाही. प्रदर्शन बारगळलं. परक्याच्या दारात आता कॅमेरा काढवत नाही, म्हणाली. हल्ली ती दुकानात गल्ल्यावर बसते. मी साडी घ्यायला जाते तेव्हा तिला पाहून मला समाधान वाटतं. अजूनही. हे तुम्हाला आवडणार नाही.

माझा हिशेब तिच्यापाशी संपायला हवा होता. पण दिवाळीच्या तोंडावर नाना गेले. दुसरा झटका आला. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, तो कधीही येऊ शकतो म्हणून. रोटांच्या पिठानं माणूस मरत नाही, हे मला कळतं. अक्काला कोण पटवणार?

मी भेटायला गेले तेव्हा ती माझा हात धरून म्हणाली, "तुना काय दोष पोरी? ती बिचारी तरी काय जाने? मीच तिले घरमा येऊ दिधं. देवीनं बरोबर कयं." देवीनं केलं ते बरोबरच, म्हणे.

शीतलला तिनं कधीच माफ केलं होतं. स्वतःला नाही. आणि मी तिचा हात थोपटत राहिले.

कानबाई आता धाकट्या काकांकडे बसते. अक्का तिथे येते, पण आत जात नाही. विधवा म्हणून नव्हे. आमच्यात त्यावरून कुणी अडवत नाही, जावा तर हाताला धरून ओढतात. तिचं तिनंच ठरवलंय, की आपण आत गेलो तर पुन्हा काही वंगाळ होईल. अंगणात लिंबाखाली बसून ती आतली गाणी ऐकते, ओठ हलवते. मी तिच्या शेजारी बसते.

'अक्का, तिला मी पाठवलं होतं.' एवढं म्हटलं तर ती कदाचित उठून आत जाईल. कदाचित माझ्या तोंडात मारेल आणि मग जाईल.

यंदाच्या श्रावणातही मी गेले होते. तिच्याशेजारी बसले, पानात वाढलं ते जेवले, तिच्या पाया पडले आणि संध्याकाळच्या बसनं जळगावला परत आले.