मित्राच्या कॉम्प्युटरवरचं वाक्य
कॉम्प्युटरच्या तापलेल्या धुळीचा वास आला की मला पंचवटीतली, मित्राच्या घरची ती दुपार आठवते. दिंडोरी रोडवरच्या अपघातात मित्र गेला, त्याला महिनाही झाला नव्हता. त्याच्या कॉम्प्युटरवरच्या लिनक्स या प्रणालीत सॉफ्टवेअर आणून बसवणारा एक प्रोग्राम होता आणि कॉम्प्युटर लावला की त्यात मित्राने गमतीने लिहून ठेवलेलं वाक्य पडद्यावर यायचं, "मी आलोय, नवीन काय आणू?" त्याचे वडील त्याच्या आईबद्दल म्हणाले, "हिला ते बघवत नाही रे. मुळासकट काढ." मी प्रोग्राम काढला, ते वाक्य असलेल्या, मागे उरलेल्या फायलीही शोधून पुसल्या. दारात उभ्या असलेल्या काकूंनी हळूच विचारलं, "परत बसवता येईल का?" मी म्हणालो, "प्रोग्राम येईल काकू, त्याच्या हातचं वाक्य नाही येणार." काकू आत येऊन कोऱ्या पडद्यासमोर बसून राहिल्या.